केडगावच्या माळावरची शाळा

रोजेदाराच्या भुकेला वेळ ठरलेली असते. पहाटे सहरीला चार घास पोटात गेलेले असतात आणि मगरिबची अजान झाली की समोर खजूर, पाणी, फळे येतात. संध्याकाळी काही मिळेल की नाही हेच ज्या भुकेला ठाऊक नसते, ती भूक निराळी. अशा भुकेतून स्वतः वाचलेली आणि पुढे शेकडो भुकेल्या मुलींना अन्न, अक्षर आणि हुन्नर या तिन्ही गोष्टी देणारी एक बाई आपल्याच दौंड तालुक्यात राहून गेली. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडून केडगावात येतो. आपल्यातले कितीतरी जण त्या रस्त्याने नित्य जातात. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. नाव सर्वांना माहीत असते, बाईंचे आयुष्य मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

रमजानच्या पानावर एका ख्रिस्ती बाईचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. हा महिना आपल्याला येतीम आणि बेवा, म्हणजे अनाथ मूल आणि विधवा, यांची आठवण करून देतो. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः येतीम होते. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी गेली. त्यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या आणि स्वतःचा व्यापार सांभाळणाऱ्या होत्या. अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ज्या कुणी आयुष्य वेचले, त्यांची गोष्ट या महिन्यात सांगायला हरकत नसावी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या कर्नाटकाकडील बाजूस गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली होती. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. बाईला संस्कृत शिकवणे हा त्या काळी अपराधच. शास्त्रीमंडळींपुढे त्यांना त्याचा जाब द्यावा लागला आणि त्यांनी तो शास्त्रांच्याच आधाराने दिला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. रमाबाईंची शाळा म्हणजे आईचा आवाज. पहाटे झोपेतून उठवून आई श्लोक म्हणायची आणि मुलगी मागून म्हणायची. असे करता करता भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ झाले.

हे कुटुंब एका जागी राहिले नाही. तीर्थक्षेत्री जायचे, देवळात किंवा घाटावर पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर निर्वाह करायचा. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत मात्र ऐकणारेच उपाशी होते. पैसा संपला, भांडी विकली गेली, मग झाडपाल्यावर दिवस आले. १८७४ मध्ये वडील गेले. त्यांच्यामागून आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे तयार झाली. चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी असल्याने त्यांना तिरडीची बाजू डोक्यावर घ्यावी लागली.

मागे राहिले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघांनी देश पायी पालथा घातला. पंजाबात झेलमच्या काठी ऐन थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. संस्कृत जाणणारी स्त्री सभेत उभी राहून बोलते, हे पाहायला लोक गर्दी करू लागले.

दोन वर्षांत भाऊही गेला. त्याच वर्षी, १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते शूद्र मानलेल्या जातीतले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बहिष्कार आला. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या वयात रमाबाई विधवा झाल्या. कडेवर वर्षाच्या आतले मूल आणि माहेर-सासर दोन्ही नाही.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारने नेमलेले हंटर शिक्षण आयोग पुण्यात आले. रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना वैद्यक शिकू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आजारी बाई पुरुष डॉक्टरापुढे जात नाही आणि न बोलता मरते, हे त्यांनी देशभर फिरताना पाहिले होते.

स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून पुस्तकाच्या विक्रीचे पैसे घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचे शिक्षण शक्य झाले नाही. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहात असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात खळबळ उडाली. रमाबाई मात्र कुणाच्याच हातातले बाहुले झाल्या नाहीत. धर्मगुरूंनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या निमूटपणे मानीत नसत, पत्रे लिहून वाद घालीत. पोशाख देशीच राहिला आणि आहार आयुष्यभर शाकाहारी राहिला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथे त्यांनी संस्कृत शिकवलेही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा काढायची आणि तिचा खर्च दहा वर्षे असोसिएशनने द्यायचा, असे ठरले. एक अट स्पष्ट होती. या शाळेत धर्माचे शिक्षण द्यायचे नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. बालपणीच वैधव्य आलेली ही कोकणातली मुलगी, तिला भावाने आणून घातले. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. केशवपन करून अंधाऱ्या खोलीत बसवलेल्या मुली येथे पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. आपल्या हातचे जेवण, आपले सोवळेओवळे आणि आपली पूजा चालू ठेवायला त्यांना मोकळीक होती.

मग १८९३ चा वाद झाला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या, काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेतून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर, याचा निकाल सव्वाशे वर्षांनंतरही एका वाक्यात लागणार नाही. पालकांची तक्रार खोटी नव्हती. मुली ज्या भरवशावर पाठवल्या होत्या तो भरवसा ढळला, असे त्यांना वाटले. रमाबाईंचेही म्हणणे समजण्यासारखे होते. स्वतःची प्रार्थना दार लावून, लपून का करायची? परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या मुलींना घरी नेले, त्यांतल्या बहुतेकींचे शिक्षण तेथेच थांबले. वाद मोठ्यांचा होता, पाटी मुलींची सुटली.

त्या गदारोळात एका माणसाने निराळी वाट धरली. धोंडो केशव कर्वे यांनी त्याच १८९३ मध्ये शारदा सदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात हिंदू विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. ती १९०० मध्ये हिंगण्याला गेली आणि त्या कामातूनच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई किंवा बाया कर्वे, या संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. रमाबाईंच्या शाळेचा धर्म पटत नाही ना, मग आपली शाळा काढा, हे उत्तर कर्व्यांनी दिले. वर्तमानपत्रांत त्या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली असेल, मुलींच्या उपयोगी पडले ते हे उत्तर.

बाईंची गाठ पुन्हा दुष्काळाशी पडली ती १८९६ मध्ये. मध्य प्रांतात लोक मरत असल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांत एकट्या पडलेल्या मुली आणि तरुण विधवांचे काय होते, त्यांना कोण घेऊन जाते, हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुली सोबत आणल्या. कुणाच्या अंगावर चिंधी नाही, कुणाचे डोके जखमांनी भरलेले. काही आणल्यावरही वाचल्या नाहीत.

पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस होते. एवढ्या माणसांना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला रमाबाईंनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेची दहा वर्षांची मदत १८९८ मध्ये संपणार होती. मदत कायमची नसते हे ओळखून, फळबाग लावून संस्थेने आपल्या पायावर उभे राहावे असा त्यांचा बेत होता. त्याच उघड्या माळावर मुली आल्या. विहिरी खोदल्या गेल्या, झोपड्या उठल्या, मग दगडी इमारती झाल्या. या जागेला नाव दिले मुक्ती सदन. प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी रुग्णालयात स्त्रियांना कशी वागणूक मिळते, याविषयी त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. ख्रिस्ती झालेली बाई इंग्रज सरकारची मिंधी असणार असे समजणाऱ्यांना ते अनपेक्षित होते.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचे, हेच केवढे काम. रमाबाईंनी त्या कामालाच शाळेचा भाग केले. मोठ्या मुली लहानांना सांभाळीत. सकाळी वर्ग आणि मग काम. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, भटारखाना आणि छापखाना, सर्व काही तेथे होते. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत छापखाना बायका चालवीत. ज्या मुलीला पुस्तकात गती नाही तिला हातात एक कसब मिळे, म्हणजे उद्या ती कुणाच्या दारी उभी राहणार नाही. वाट चुकलेल्या किंवा चुकवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, म्हाताऱ्यांसाठी वेगळे घर होते. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी हाती घेतले. मराठी मुलुखात अंध मुलीला वाचता येऊ शकते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

मुक्ती सदन हे शारदा सदनासारखे धर्माबाबत तटस्थ नव्हते. ते उघडपणे ख्रिस्ती होते आणि तेथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. येथे मनात प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. उपाशी मुलीने अन्न देणाऱ्याचा धर्म घेतला, तर ती निवड किती तिची? श्रद्धा लादता येत नाही, ही शिकवण आपल्याकडेही आहे. ज्याच्या हातात भाकरी आहे त्याने आपल्या हाताचे वजन ओळखावे, हे रमाबाईंच्या संस्थेला जेवढे लागू, तेवढेच मदरशाला, मठाला, ट्रस्टला आणि आजच्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला लागू. पण त्याबरोबर दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. त्या मुली छावणीत पडल्या होत्या तेव्हा त्यांच्यासाठी दुसरी किती दारे उघडी होती? एकच दार उघडे असेल तर दोष दार उघडणाऱ्याचा जितका, त्याहून जास्त दारे बंद ठेवणाऱ्यांचा. कर्व्यांनी दुसरे दार उघडले. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढून आणखी एक उघडले होते. ज्या समाजाने शाळा काढल्या, त्याची मुले शिकली.

शेवटची पंधराहून अधिक वर्षे रमाबाई एका मोठ्या कामात बुडालेल्या होत्या. आधीचे मराठी बायबल त्यांना संस्कृताने जड झालेले वाटे. खेड्यातल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला समजेल अशा भाषेत ते आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत पंडितेने साध्या मराठीसाठी एवढा घाम गाळावा, हे आम्हा भाषा शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईने काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावातच गेल्या. अनुवाद हातावेगळा झाला होता. १९२४ मध्ये तो केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

आज शिरूर आणि दौंडमध्ये खासगी शाळांना तोटा नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आल्या, पगारदार वाढले, तशी इंग्रजी माध्यमाची आणि क्लासची पाटी चौकाचौकात लागली. त्यात वाईट काही नाही. सरकारला जे जमत नाही ते खासगी संस्था करतात, आणि या दोन्ही तालुक्यांतली कित्येक मुले त्यांच्यामुळेच पुण्याच्या महाविद्यालयांत पोचली. पण या पाट्या कुणाला उद्देशून असतात, हे जरा थांबून वाचावे. फी भरू शकणाऱ्या घराला त्या हाक मारतात. उसाच्या हंगामात बीड-नगरकडून टोळ्या येतात, कोप्यांत राहतात, त्यांची पोरे फडात धाकटी भावंडे सांभाळतात. त्यांच्यासाठी कधी साखरशाळा निघाल्या, बऱ्याच बंदही पडल्या. वीटभट्टीवरचे मूल, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे मूल, दहावीनंतर घरी बसवलेली मुलगी, यांच्यासाठी कुणी फलक लावत नाही. शिक्षणहक्क कायद्याने २५ टक्के जागा राखून ठेवल्या, पण अर्ज भरायला, कागद गोळा करायला कुणी बरोबर चालले तरच त्या जागेचा उपयोग.

आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांचेही तेच. विधवेच्या पुनर्विवाहाला आपल्या धर्मात आडकाठी नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. तरी मूल पदरी असलेल्या तरुण विधवेला घरात काय ऐकावे लागते, ते त्या घरालाच माहीत. तिला शिवणयंत्राबरोबर बारावीचा अर्जही हवा असतो. तिला वर्षातून एकदा धान्याची पिशवी देऊन आपण मोकळे होतो.

रमाबाईंच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आजही उचलण्यासारख्या आहेत. एक, त्या विद्यार्थी येण्याची वाट पाहात बसल्या नाहीत, जिथे मुली होत्या तिथे गेल्या. दोन, भूक, अक्षर आणि रोजगार यांना त्यांनी एकाच छपराखाली आणले. उपाशी मूल शिकत नाही आणि नुसते जेवलेले मूल मोठे झाले की पुन्हा उपाशी राहते, हे त्यांना स्वतःच्या पोटाने शिकवले होते. यासाठी आज शंभर एकर लागत नाहीत. चार शिक्षक, मशिदीची, देवळाची किंवा समाजमंदिराची रिकामी खोली आणि संध्याकाळचे दोन तास एवढ्यावरही सुरुवात होते.

जकातीचा हिशेब करण्याचे हे दिवस आहेत. नमाजे-ईदच्या आधी फितरा द्यायचा असतो, म्हणजे कुणाच्या घरी ईदला चूल थंड राहू नये. त्याच सुमारास आणखी एक चौकशी करावी. आपल्या गल्लीत, मग ती कोणत्याही समाजाची असो, कोणती मुलगी शाळा सोडून घरी बसली आहे आणि जूनमध्ये तिचे नाव पुन्हा घालायला किती खर्च येईल, एवढे विचारून घ्यावे. रक्कम बहुधा आपल्या एका इफ्तार पार्टीपेक्षा कमी निघेल.